उन्हासाठीही घ्यावी अशी छत्री : इतवारीतील एका दुकानाचा अनुभव

नागपुरात छत्रीची खरेदी बहुधा जूनमध्ये, पहिली सर येऊन गेल्यावर होते. ती एप्रिलमध्येच व्हायला हवी असे माझे स्पष्ट मत आहे. इतवारीतील एका जुन्या दुकानातून घेतलेली लांब दांडीची काळी छत्री उन्हाळा आणि पावसाळा असे दोन्ही ऋतू वापरल्यानंतर ते अधिकच पक्के झाले आहे.

छत्रीची दांडी लाकडी, मूठ वाकवलेल्या वेताची आणि कापड दाट विणीचे आहे. तिचे बळ मात्र आठ काड्यांत आहे. या काड्या भरीव नसून पोलादी पत्र्याला पन्हळीसारखा आकार देऊन केलेल्या असल्यामुळे वजनाला हलक्या राहतात आणि तरीही सहज वाकत नाहीत. ही घडण इंग्लंडच्या सॅम्युअल फॉक्सने १८५२ मध्ये प्रचारात आणली. त्यापूर्वी युरोपातील छत्र्यांना देवमाशाच्या जबड्यातील लवचीक पट्ट्या किंवा वेताच्या काड्या लावत, आणि त्या छत्र्या चांगल्याच जड होत. खिशात मावणारी घडीची छत्री १९२० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत हान्स हौप्टने घडवली. तिची सोय मोठी आहे, पण घडीची काडी जितक्या ठिकाणी दुमडते तितके रिव्हेट वाढतात आणि वाऱ्याच्या झोताला ती तिथेच हार मानते. जुलैतील वादळी पावसात, फुटाळ्याच्या काठावर, माझी ही छत्री एकदाही उलटली नाही.

उन्हाचा अनुभव त्याहून महत्त्वाचा आहे. पारा पंचेचाळिशीच्या घरात असताना आपल्याकडे डोक्याला दुपट्टा बांधून निघण्याची रीत आहे आणि ती योग्यच आहे. परंतु दाट काळ्या कापडाची सावली मान आणि खांदेही झाकते, आणि अतिनील किरणे पातळ, फिकट कापडापेक्षा पुष्कळच अधिक अडवते. काळे कापड स्वतः तापते, हा दोष खरा आहे. म्हणून चंदेरी लेप दिलेली छत्री दुपारच्या उन्हात जास्त सुखद वाटते, मात्र तो लेप घड्यांवर लवकर सोलतो. पुरुषांना उन्हात छत्री धरण्याचा वाटणारा संकोच मला अनाठायी वाटतो. प्राचीन असिरियाच्या शिल्पांत राजावर छत्री धरली आहे ती उन्हासाठीच, आणि ज्या सांचीच्या स्तूपावरून दीक्षाभूमीच्या स्तूपाला प्रेरणा मिळाली, त्याच्या शिरावरही तीन दगडी छत्रे आहेत. अठराव्या शतकात लंडनमध्ये जोनास हॅनवे पावसात छत्री घेऊन फिरू लागला तेव्हा लोकांनी त्याची टर उडवली होती. पुढे त्याच शहराची ओळख छत्रीशी जोडली गेली.

उणिवाही सांगायला हव्यात. पहिल्या पावसात कापडाचा रंग थोडा उतरला, काडीच्या टोकाशी असलेला एक टाका सुटला आणि गर्दीच्या बसमध्ये एवढी लांब छत्री सांभाळणे त्रासाचे होते. टाका दुकानदारांनी समोरच घालून दिला. तुटलेली काडीही ते सुटी बदलून देतात, आणि हे दुकान सुचवण्यामागचे माझे मुख्य कारण हेच आहे, कारण तीन घडीच्या स्वस्त छत्रीची काडी तुटली की ती बहुधा दुरुस्तीला कोणी घेतच नाही. रोज पायी चालणाऱ्यांनी आणि घरातील ज्येष्ठांसाठी घेणाऱ्यांनी ही छत्री अवश्य पाहावी. घेताना ती दुकानातच उघडून दांडीवरील खटका घट्ट बसतो का, हे तपासावे, आणि पावसाळ्याच्या गर्दीपूर्वी जावे, म्हणजे निवडायला वेळ मिळतो.