गिरिबचावाचे दोन थरारपट: ‘क्लिफहँगर’ की ‘व्हर्टिकल लिमिट’?

पन्हाळा–पावनखिंड मोहिमेला जाणाऱ्या कोल्हापूरच्या तरुणांना एकाच रात्री एकच बचावपट दाखवायचा असेल, तर निवड या दोहोंतून करावी लागेल.

रेनी हार्लिन दिग्दर्शित ‘क्लिफहँगर’ची (१९९३) कथा कोलोरॅडोच्या रॉकी पर्वतात घडते, चित्रीकरण मात्र प्रामुख्याने इटलीतील डोलोमाइट पर्वतरांगेत झाले. त्या उभ्या, उघड्या कड्यांमुळे पडद्यावरची खोली खरी वाटते. निर्मितीच्या धाडसाचा कळस म्हणजे विमानांचे दृश्य: सुमारे १५,००० फुटांवर एका विमानातून दुसऱ्याकडे तारेवरून जाण्याची कसरत सायमन क्रेन यांनी प्रत्यक्ष हवेत केली आणि त्यासाठी त्यांना दहा लाख डॉलर मिळाले. मूकपटांचे दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी ज्या कोल्हापूर नगरीत स्वतःचा कॅमेरा घडवला, तिथल्या प्रेक्षकाला या कारागिरीचे मोल सांगायला नको.

मार्टिन कॅम्पबेल यांचा ‘व्हर्टिकल लिमिट’ (२०००) ८,६११ मीटर उंचीच्या के-२ शिखरावर घडतो, पण त्यातील हिमपर्वत बहुतांशी न्यूझीलंडचे आहेत. पाठीवर नायट्रोग्लिसरिनसारखे धक्क्यानेही उडणारे स्फोटक घेऊन चढणारे पथक मला पटत नाही.

तरीही माझी निवड हाच चित्रपट आहे, कारण पहिल्यात बचावकार्य लवकरच मागे पडून पैशांच्या पेट्यांचा पाठलाग सुरू होतो, तर इथे हिमभेगेत अडकलेल्यांच्या फुप्फुसांत साचणारे पाणी, अपुरी औषधे आणि एकाला वाचवताना किती जणांचे प्राण पणाला लावायचे, हा प्रश्न शेवटपर्यंत केंद्रस्थानी राहतो.