रजिस्टर हललेला स्पायडर-मॅन

‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा ॲनिमेशनचा सिनेमा भारी आहे की फसवणूक, यावरून आमच्या प्रेसमध्ये जून २०२३ ला सुरू झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही. एका बाजूला माझा भाचा, जो या सिनेमाविषयी वाईट शब्द ऐकून घेत नाही. दुसऱ्या बाजूला आमचा मशिनमन, मूळचा सिन्नरचा, ज्याच्या मते आपल्याला दिवसाढवळ्या लुटलं गेलं. पुढचा भाग २०२७ वर गेलाय, त्यामुळे ‘मग आत्ता बघू की थांबू?’ असं विचारणारे भेटत राहतात. त्यांच्यासाठी हे एकदा लिहूनच टाकतो.

आधी माझा चष्मा कुठला ते सांगतो. नाशिकच्या अंबडला आमची छोटी ऑफसेट प्रेस आहे. लग्नपत्रिका, कंपन्यांची चलनबुकं, डिसेंबरात कॅलेंडरं आणि जानेवारी उजाडला की द्राक्षाच्या खोक्यांची लेबलं. चार रंगांच्या चार प्लेटा एकमेकींवर तंतोतंत बसल्या तर घड हिरवागार दिसतो. एखादी केसभर जरी सरकली तरी मण्यामण्याला लाल किनार येते आणि द्राक्षवाला फोनवर आपल्या सात पिढ्यांची आठवण काढतो. याला आम्ही रजिस्टर हललं म्हणतो. डोळ्याला लूप, म्हणजे छोटं भिंग, लावून कागदाच्या कोपऱ्यातली फुली तपासण्यात माझी उमर गेली.

आणि इथे पडद्यावर बघतो तर कोणीतरी मुद्दाम रजिस्टर हलवून ठेवलंय! मागच्या इमारती धूसर करायच्या तर कॅमेऱ्यात होतात तशा न करता या लोकांनी रंगच एकमेकांपासून सरकवलेत. इमारतीच्या एका कडेला निळसर, दुसऱ्या कडेला गुलाबी. सावलीत डॉट, उजेडात तिरक्या रेघा. २०१८ च्या पहिल्या भागातच ही करामत होती आणि त्याला ॲनिमेशनचं ऑस्करही मिळालं. स्वस्त कागदावर छापलेल्या जुन्या कॉमिकांत जे दोष असायचे, ते सगळे यांनी वेचून वेचून मिरवलेत. माझ्यासारख्याला हे बघताना आधी हात शिवशिवतो, मग हसू येतं, मग गप्प बसून बघत राहावं लागतं.

सगळ्यांना हसू येत नाही. आमच्या मागच्या रांगेतले एक काका सुरुवातीलाच उठून बाहेर गेले आणि दारावरच्या पोराशी वाद घालून आले, की थ्रीडी सिनेमा असून चष्मे का वाटले नाहीत. सिनेमा साधाच आहे हे कळल्यावर येऊन बसले आणि मध्यंतरापर्यंत डोळे चोळत राहिले. मध्यंतरात समोशाच्या रांगेत ते मला म्हणाले, ‘प्रिंट खराब पाठवलीय हो.’ माझ्याकडे जागा रिकामी असती तर मी त्यांना तिथल्या तिथे तपासनीस म्हणून ठेवून घेतलं असतं.

गोष्ट थोडक्यात. ब्रुकलिनचा पंधरा वर्षांचा माइल्स मोरालेस हा तिथला स्पायडर-मॅन. बाकी असंख्य विश्वांमध्ये असंख्य स्पायडर-माणसं आहेत आणि त्यांची एक संघटना आहे, तिचा म्होरक्या मिगेल ओहारा. पण सिनेमा उघडतो दुसऱ्या विश्वातल्या ग्वेनवर, आणि बराच वेळ माइल्स फिरकतच नाही. ग्वेनचं जग जलरंगात रंगवलंय. बाप पोलीस कॅप्टन, तो ज्या स्पायडर-वुमनला पकडायला निघालाय ती त्याचीच पोरगी. ती तोंडावरचा मुखवटा काढते तेव्हा मागच्या भिंतीवरून रंग खाली ओघळायला लागतात. पाणी जास्त झालं की कागदावर रंग पळतो ना, अगदी तसा ओघळ, आणि बाप मात्र त्यात ताठ उभा. इथे आमच्या सौ.नी पदर डोळ्यांना लावला. घरी येताना त्यांचं म्हणणं पडलं, ‘अहो, ती जाळीबिळी राहू द्या. पोरीने बापाला सांगायचं कसं, एवढ्यावरच अख्खा सिनेमा काढला असता तरी चालला असता.’ मला वाटतं आमच्या सगळ्यांत नेमकं मत त्यांचंच होतं.

हॉबी नावाचा लंडनचा पंक पोरगा आहे, तो तर कात्रणं चिकटवून बनवलाय. त्याचं अंग एका चालीने हलतं, जॅकेट दुसऱ्या, गिटार तिसऱ्या. भाचा यावर तासभर बोलू शकतो. लेगोच्या ठोकळ्यांचा जो छोटा तुकडा मध्ये येतो, तो प्रेस्टन मुटांगा नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाने केलाय, हेही मला त्याच्याकडूनच कळलं. सिनेमाचा ट्रेलर त्या पोराने घरी बसून लेगोत बनवला होता, तो बघून निर्मात्यांनी त्याला काम दिलं. हे ऐकल्यापासून भाच्याचा अभ्यास कमी झालाय, पण तो विषय वेगळा.

आता मुंबॅटन. मुंबई आणि मॅनहॅटन एकावर एक रचून केलेलं शहर, आणि तिथला स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर, धोतर नेसलेला, हातात सोन्याची कडी. हा पोरगा सिनेमासाठी काढलेला नाही. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी २००४ मध्ये भारतीय स्पायडर-मॅनचं कॉमिक केलं, तिथून तो आलाय. आणि या शहराचा रंग कुठून घेतलाय माहितीय? इंद्रजाल कॉमिक्सवरून! टाइम्सवाल्यांचं इंद्रजाल १९६४ ते १९९० चाललं, मराठीतही यायचं. रविवार कारंजाच्या रद्दीवाल्याकडून मी वेताळाचे अंक आणायचो. कव्हर फाटलेलं, आत पिवळा रंग रेघेच्या बाहेर गेलेला. तोच पिवळा इतक्या वर्षांनी एवढ्या मोठ्या पडद्यावर बघितला आणि मी बायकोचा हात दाबला. तिला वाटलं छातीत दुखतंय.

यावरही एकमत नाहीच. कॉलेज रोडला डिझाइन स्टुडिओ चालवणारा माझा मित्र म्हणतो, हा परदेशी माणसाला आवडणारा भारत आहे, गर्दी, केसांचं तेल आणि ट्रॅफिक. पवित्र शहर दाखवताना जिकडे बोट करतो तिकडे ट्रॅफिक, आणि मग इंग्रजांनी आपलं सगळं जिथून लांबवलं ती जागा. मला हे विनोद झोंबले नाहीत. कसारा घाट उतरून भिवंडीच्या पुढे अडकलेल्या नाशिककराला झोंबायचं काय त्यात? माझी तक्रार वेगळी आहे. एवढा जीव ओतून रंगवलेला पट्टा, आणि भुर्रकन संपतो. आणखी एक म्हणजे सिनेमा मराठीसह दहा भाषांत येणार असं जाहीर झालं होतं, पण आम्ही गेलो त्या आठवड्यात आम्हाला सोयीच्या थिएटरांत हिंदी आणि इंग्रजीच खेळ मिळाले. हिंदीत पवित्रला शुभमन गिलने आवाज दिलाय. उत्साह आहे, पण डबिंगमध्ये मुरलेल्या बाकीच्या आवाजांत तो वेगळा पडतो. नंतर घरी इंग्रजीत बघितला, तेव्हा विनोद जास्त जमले.

आवाजाचीही कुरकुर होती. सुरुवातीला ग्वेन बोलते ते संगीताखाली दबतं. मी थिएटरवाल्याला मनात शिव्या घालत होतो, पण ही ओरड परदेशातही झाली आणि आवाज वाढवून दाखवा असं निर्मात्यांच्या बाजूनेच सांगण्यात आलं. त्याहून गंमत म्हणजे वेगवेगळ्या थिएटरांत गेलेल्या प्रतींमध्ये काही ठिकाणी संवाद आणि दृश्यं थोडी वेगळी होती. दोन प्रूफं, आणि दोन्ही मशिनवर चढली!

शेवटावर येतो, कारण खरं भांडण तिथेच आहे. बघितला नसेल त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. माइल्स घरी पोहोचलो असं समजून भलत्याच विश्वात पोहोचतो, तिथे त्याच्यासमोर त्याचाच दुसरा अवतार उभा राहतो, इकडे ग्वेन मित्रांची टोळी जमवते, आता काहीतरी होणार म्हणून आपण खुर्चीत पुढे सरकतो, आणि पडदा सांगतो की बाकीचं पुढच्या भागात. आमच्या थिएटरात अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि अर्ध्यांनी शिट्ट्या मारल्या, त्याही कौतुकाच्या नव्हेत. मशिनमन उभाच राहिला. ‘भाऊ, पैसे पुरे घेतले अन् पिच्चर अर्धा दावला.’

भाच्याचं उत्तर तयार होतं. ‘मामा, कॉमिक हप्त्याहप्त्यानेच वाचायची गोष्ट आहे. पुढील अंकी चालू, हाच तर त्याचा आत्मा.’ मान्य. पण हप्ता असेल तर तसं मुखपृष्ठावर छापतात. या सिनेमाच्या नावात आधी ‘भाग पहिला’ होतं, २०२१ च्या शेवटी तसंच जाहीर केलं होतं. २०२२ मध्ये ते शब्द काढून टाकले. म्हणजे गोष्ट दोन भागांत आहे हे बनवणाऱ्यांना ठाऊक होतं, फक्त तिकीट काढणाऱ्याला पोस्टरवरून कळायची सोय ठेवली नाही. दिवाळी अंकाचा शेवटचा फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा, बांधायचाच राहिला आणि तरी अंक स्टॉलवर पुऱ्या किमतीला ठेवला, तर गिऱ्हाईक काय म्हणेल? बरं, उत्तरार्ध मार्च २०२४ ला येणार होता, तो आधी बेमुदत लांबला आणि आता २०२७. तोवर भाचा शिक्षण संपवून नोकरीला लागलेला असेल. धंद्याला मात्र काही फरक पडला नाही. पहिल्या भागाने जगभरात साधारण अडतीस कोटी डॉलर कमावले होते, याने एकोणसत्तर.

म्हणून माझा निकाल असा की सिनेमा चोख आहे, खोट तो विकणाऱ्यांच्या वागण्यात आहे. मशिनमनला हा निकाल पळपुटा वाटतो.

पण गंमत बघा. मिगेलचं म्हणणं असं की प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात काही घटना घडाव्याच लागतात, जवळचा पोलीस कॅप्टन मरणं ही त्यातली एक, आणि ती टाळली तर अख्खं विश्व कोसळतं. माइल्सचा बाप कॅप्टन होणार आहे. म्हणजे बाप जाऊ द्यायचा. यावर सिनेमाचा भक्त असलेला भाचा मिगेलच्या बाजूने, ‘एका माणसासाठी लाखो लोक कसे मारणार?’ आणि सिनेमाला शिव्या घालणारा मशिनमन तावातावाने माइल्सच्या बाजूने, ‘बापाला मरू द्यायचं? मंग असलं जग वाचवून करायचं काय?’ मशिन थांबलेलं, शाई वाळायला लागलेली, आणि हे दोघं हमरीतुमरीवर. बाइंडिंगच्या मावशींनी सिनेमा बघितलेला नाही. त्यांनी फर्मे मोडता मोडता विचारलं, ‘पण त्या बापाला कोणी सांगितलंय का हे?’ नाही सांगितलेलं. सबंध सिनेमात त्या माणसाला कोणी काही विचारत नाही. दोघंही थोडा वेळ गप्प झाले. अर्धा म्हणून शिव्या खाल्लेला सिनेमा एवढं वाद घालायला लावतो, हे मी भाच्याच्या खात्यात जमा धरलं.

एक गोष्ट मात्र आम्हा सगळ्यांना लागली. सिनेमा लागला त्याच महिन्यात व्हल्चर या अमेरिकन वेबसाइटने चार कलाकारांच्या हवाल्याने छापलं की दिवसाला अकरा तासांहून जास्त, आठवड्याचे सातही दिवस काम चालायचं, मंजूर झालेली दृश्यं पुन्हापुन्हा बदलली जायची, आणि सुमारे शंभर जण मध्येच सोडून गेले. स्टुडिओच्या बाजूने याचा इन्कारही झाला. लग्नसराईत रात्री अकराला ‘मुलीच्या मामाचं नाव राहिलं’ म्हणून प्लेट बदलायला लावणारी गिऱ्हाइकं आम्हीही बघतो, पण आमची एक रात्र जाते. मशिनमन म्हणाला, मग पुढच्या भागाला उशीर होतोय ते बरंच आहे, निवांत करू द्या त्यांना. त्याच्या तोंडून हे ऐकून भाच्याने त्याला चहा पाजला.

तर बघायचा का? बघा. पाचात चार देतो, एक फर्म्याचा कापला. १४० मिनिटांचा आहे, अगदी लहान पोरांना झेपत नाही, आमच्या शेजारची एक चिमुरडी उत्तरार्धात बापाच्या मांडीवर झोपली होती. घरी बघणार असाल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन हालचाल गुळगुळीत करणारा जो पर्याय असतो तो बंद करा. ही चित्रं बऱ्याच ठिकाणी सेकंदाला बाराच ठेवलीत, तुटक दिसावीत म्हणूनच, आणि टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या पदरची भरून सगळी मेहनत पुसून टाकतो. दिवे घालवा, आवाज सुरुवातीला थोडा जास्त ठेवा. आणि सुरू करण्याआधी घरच्यांना सांगून ठेवा की हा पूर्वार्ध आहे, उत्तरार्ध २०२७ ला.