भाजीच्या ट्रेखालचं पाणी: फ्रॉस्ट फ्री फ्रीजचा वापरानंतरचा अनुभव

फ्रीज थंड करतोय, बर्फ नीट होतोय, पण भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतंय आणि सर्व्हिसवाला म्हणतोय बोर्ड (आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट) गेला किंवा गॅस भरावा लागेल. असं चाललं असेल तर एक रुपयाही देऊ नका. आधी फ्रीझरच्या आतलं मागचं कव्हर उघडायला लावा. मला ४,८०० रुपयांचं एस्टिमेट मिळालं होतं. प्रत्यक्षात काम झालं ते पातेलंभर कोमट पाण्यात आणि वीतभर तारेच्या तुकड्यात.

कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कंपनीच्या फ्रीजचं हेच झालेलं मी पाहिलंय, त्यामुळे नाव लिहून उपयोग नाही. माझा डबल डोअर आहे, वर फ्रीझर, तीनशे लिटरच्या आसपास, इन्व्हर्टर कॉम्प्रेसर, तीन स्टार. बाकीची माहिती दुकानात मिळतेच. माझा वापर मात्र सांगायला हवा. मी नाशिकमध्ये इंदिरानगरला राहते आणि अंबड-सातपूरच्या कंपन्यांत कामाला असलेल्या मुलांचे डबे करते. कणीक, वाटणं, दही, निवडलेली पालेभाजी, सगळं फ्रीजमध्ये. सकाळी तर दार लागतं न लागतं तोच परत उघडतं. चौघांच्या घरातल्या फ्रीजपेक्षा माझ्या फ्रीजला दुप्पट काम आहे.

अक्षय्य तृतीयेला घेतला. टेम्पोतून उभा आणतात की आडवा, हे बघायला मी स्वतः खाली थांबले होते. आडवा आणला तर कॉम्प्रेसरमधलं तेल पाइपात जातं, आणि तसाच चालू केला तर कॉम्प्रेसरवर ताण येतो. आणणारे म्हणाले, "मॅडम, लगेच लावा, काही होत नाही." मी संध्याकाळपर्यंत नुसता उभा ठेवला, मग चालू केला. रिकामाच चालवला, दुसऱ्या दिवशी सामान भरलं. एक्स्टेन्शन बोर्ड वापरला नाही. भिंतीतल्या थ्री पिनला थेट जोडला, त्याआधी इलेक्ट्रिशियनकडून त्या पॉइंटचं अर्थिंग तपासून घेतलं. आमची बिल्डिंग जुनी आहे, इथे पूर्वी मिक्सरला झटका बसलेला आहे.

लेव्हल करताना पुढचे दोन पाय किंचित उंच ठेवायचे. दार अर्धवट सोडलं की आपोआप लागलं पाहिजे. डेमोला आलेल्या मुलाने हे केलं नाही, तो फक्त ॲप डाउनलोड करायला सांगत होता. पाय आम्हीच फिरवले. दाराचं रबर बघायचं असेल तर दारात नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. सहज निघाली तर त्या जागी रबर बसत नाही. चारही बाजूंनी करून बघा. नव्या फ्रीजलासुद्धा करा, कारण पॅकिंगमध्ये रबर दबलेलं असू शकतं.

फ्लॅटमध्ये ओट्याशेजारी फ्रीजसाठी जी खाच ठेवतात ती जुन्या सिंगल डोअरच्या मापाची असते. नवा फ्रीज तिथे बसतो, पण बाजूला जागा उरत नाही. मे महिन्यात फ्रीजच्या दोन्ही बाजू इतक्या तापायच्या की सासूबाई हात लावून घाबरल्या. ते तापणं बरोबर आहे. आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या हल्ली बाजूच्या पत्र्याच्या आतून जातात, पूर्वीसारखी मागे काळी जाळी नसते. पण ती उष्णता जायला जागा हवी. आम्ही खाचेतलं एक फळकुट काढून टाकलं आणि दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा केली. फ्रीजवर कापड आणि कापडावर डबे ठेवणं बंद केलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा या चार बोटांनी फरक पडतो. कॉम्प्रेसरचा आवाज लगेच खाली आला.

त्या उन्हाळ्यात मी लिहायला बसले असते तर पाचपैकी पाच दिले असते. दही आंबट होत नव्हतं, रात्री मळलेली कणीक सकाळी काळी पडत नव्हती. लेबलवर वर्षाला दोनशे-सव्वादोनशे युनिट लिहिलेत. माझा वापर जास्त असल्यामुळे तेवढ्यात भागत नाही, पण जुन्यापेक्षा बिल उतरलं. शंभर युनिटच्या पुढे दर एकदम चढतो, म्हणून मी मीटर बघत असते.

मग पाऊस सुरू झाला.

आषाढात एक दिवस मेथीच्या जुडीची खालची पानं काळी लिबलिबीत झालेली दिसली. ट्रे ओढला तर खाली बोटभर पाणी. पुसलं. दोन दिवसांनी परत तेवढंच. मग वरच्या कप्प्याच्या मागच्या भिंतीवरून एक बारीक धार उतरताना दिसली, काचेच्या शेल्फच्या कडेवरून टपकत होती. कूलिंगला काही झालेलं नव्हतं.

तक्रार नोंदवली. पहिला टेक्निशियन आला, बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, ओल्या भाज्या ठेवता, दार सारखं उघडता, पावसाळ्यात होतं असं." फडक्याने पुसलं आणि तक्रार बंद करायला मोबाइलवर आलेला कोड मागितला. हा कोड म्हणजे काम झाल्याची तुमची सही असते. काम झाल्याशिवाय कोड देऊ नका, तो कितीही म्हणाला की "माझा जॉब पेंडिंग दिसेल". मी दिला नाही. तरी संध्याकाळी तक्रार क्लोज झाल्याचा मेसेज आलाच.

दुसरा आला तो म्हणाला मेन बोर्ड गेलाय, डिफ्रॉस्ट होत नाहीये, म्हणजे आत साचलेला बर्फ वितळत नाहीये. वॉरंटी वर्षभराची आहे, पण व्होल्टेजमुळे बोर्ड गेला तर वॉरंटीत बसत नाही, म्हणून ४,८०० रुपये. मी विचारलं, व्होल्टेजमुळे गेला हे कशावरून? मीटर लावून बघितलंत? त्याच्याकडे मीटरच नव्हतं. डिफ्रॉस्ट होत नसेल तर पाणी कुठून येतंय, यावरही उत्तर नाही. हा प्रश्न मला तेव्हा रागातून सुचला होता, पण सगळी चावी त्यातच होती. डिफ्रॉस्ट होत नसतं तर कॉइलवर, म्हणजे फ्रीझरमागच्या थंड नळ्यांवर, बर्फ साचत गेला असता, हवा अडली असती आणि खालचा कप्पा गरम पडला असता. पाणी येतंय याचा अर्थ बर्फ वितळतोय. तो फक्त चुकीच्या वाटेने बाहेर येतोय.

हे मला समजावलं आमच्या इथल्या द्वारका चौकाच्या बाजूला छोटं दुकान असलेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी. माझा जुना सिंगल डोअर त्यांनीच सांभाळला होता. फ्रीज न बघताच त्यांनी विचारलं, "वहिनी, कूलिंग बरोबर आहे ना? आणि पाणी स्वच्छ आहे की तेलकट?" मी म्हटलं, स्वच्छ. "मग ड्रेन जाम झालाय. पण मी हात लावत नाही. बाहेरच्याने खोललं की कंपनी वॉरंटी नाकारेल. त्यांच्याच माणसाला मागचं कव्हर खोलायला लावा, आणि खोलेपर्यंत दारातून हलू देऊ नका."

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. फ्रॉस्ट फ्री म्हणजे बर्फ होत नाही असं नाही. बर्फ होतोच, फक्त तो फ्रीझरच्या मागच्या कव्हरआड कॉइलवर होतो आणि आपल्याला दिसत नाही. ठरावीक वेळाने कॉइलखालचा हीटर लागतो, बर्फ वितळतो, पाणी खालच्या पन्हाळीत पडतं, तिथल्या भोकातून (हाच ड्रेन) पाइपाने मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जातं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जातं. पावसाळ्यात दार उघडलं की दमट हवा आत जाते, बर्फ जास्त होतो, पाणीही जास्त. ते भोक असतं बोटाएवढं. हीटरची ऊब भोकापर्यंत पोचली नाही की तिथलं पाणी परत गोठतं आणि भोकाला बूच बसतं. मग पुढच्या वेळचं पाणी पन्हाळीतून ओसंडून खालच्या कप्प्यात उतरतं. त्या बुचाचं मूळ कारण ओली भाजी नाही.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली. मग कंपनीकडून आपणहून फोन आला आणि तिसरा माणूस आला. तिशीतला, शांत. मी म्हटलं, "दादा, आधी कव्हर उघडा, मग बोर्डचं बोलू." त्याने फ्रीझर रिकामा केला, स्क्रू काढले आणि कव्हर जपून बाहेर घेतलं. कॉइलवर पांढरी बारीक भुरभुर होती, म्हणजे गॅस व्यवस्थित. खाली पन्हाळीत मात्र काचेसारखी बर्फाची लादी, अंगठ्याएवढी जाड, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्याने कोमट पाणी मागितलं, उकळतं नाही. थोडं थोडं ओतत गेला. लादी सुटली, त्याने हाताने उचलली. भोक तरी बंदच. तिथे पिचकारीने पाणी मारत राहिला, आणि एकदम घळघळ आवाज होऊन पाणी मागच्या ट्रेत पडलं. मग पाइपाच्या खालच्या टोकाची रबरी चोच काढून धुतली, तिच्यात काळा चिकट गाळ होता. शेवटी तांब्याच्या जाड तारेचा तुकडा हीटरला आकड्यासारखा अडकवून दुसरं टोक भोकात सोडलं. हीटर लागला की तारेतून ऊब भोकात जाते, पाणी गोठत नाही. बोर्डला त्याने हातसुद्धा लावला नाही. तेव्हापासून ट्रेखाली पाण्याचा थेंब नाही.

माझं भांडण याच्यावरच आहे. इतक्या हजारांच्या वस्तूत ती वीतभर तार कारखान्यातूनच का येत नाही? ते भोक घरच्या माणसाला दिसेल, साफ करता येईल अशा जागी का नाही? दारावर रंगीत पॅनेल दिलंय, पाच मोड दिलेत, आणि ज्या एका भोकावर घरातला सगळा भाजीपाला अवलंबून आहे ते कव्हरमागे लपवून ठेवलंय. मॅन्युअलमध्ये त्याबद्दल एक ओळ नाही. माझ्या जुन्या फ्रीजमध्ये बर्फ डोळ्यांसमोर साचायचा, बटण दाबलं की वितळायचा आणि ट्रे ओतून टाकला की काम झालं.

सर्व्हिसवाला येईपर्यंत घरी एक करता येतं. सामान शेजाऱ्यांकडे ठेवा, प्लग काढा, दोन्ही दारं रात्रभर उघडी ठेवा, खाली जुने टॉवेल अंथरा. आतला बर्फ वितळतो आणि काही दिवस निभतात. पण सुरी किंवा स्क्रूड्रायव्हरने बर्फ टोकरू नका. कॉइल ॲल्युमिनियमची असते, भोक पडलं की गॅस गेला. हल्लीच्या बहुतेक फ्रीजमध्ये आर-६००ए गॅस असतो, म्हणजे आयसोब्युटेन. तो पेट घेतो. असतो थोडाच, पण स्वयंपाकघरात शेगडी असते. खरंच गॅस गेला असेल तर दोन्ही कप्पे गरम पडतात आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. वरचा कप्पा थंड आणि खालचा गरम असेल तर बहुतेक वेळा कॉइलवर बर्फ साचून हवा अडलेली असते किंवा पंखा बंद असतो. एवढं लक्षात ठेवलंत तर उगीच गॅस भरायला लावणारा दारातूनच परत जाईल.

आता ज्या गोष्टींबद्दल मत बदललं त्या. भाजीचा ट्रे मला आधी लहान वाटला होता आणि त्यावरची सरकपट्टी निव्वळ शोभेची. पाण्याची कटकट गेल्यावर त्या पट्टीचा उपयोग दिसला. पालेभाजी असेल तर बंद, फळं असतील तर उघडी. कोथिंबिरीची जुडी निवडून, कोरडी करून, सुती कापडात गुंडाळून ठेवली तर आठवडाभर हिरवीगार राहते. डबे करणाऱ्या बाईला याचं मोल कळेल, कारण आपल्याकडे जुडी कधी पाच रुपयांना असते आणि आठवड्याने पन्नासला. स्वस्त असेल तेव्हा घेऊन ठेवता येते. या एका गोष्टीसाठी मी या फ्रीजचा अर्धा राग सोडला.

फ्रीझरचा फ्रीज करायचा मोड दुकानात फार मोठा करून सांगितला होता, आणि मला त्याची गरज नव्हती. मात्र दिंडोरीहून मावसभावाने द्राक्षांच्या पेट्या पाठवल्या तेव्हा वापरला. वरचा पूर्ण कप्पा द्राक्षांना दिला. न धुता, घड तसेच ठेवले. चांगली टिकली.

थंडीत एक विचित्र प्रकार झाला. पौषात पहाटे स्वयंपाकघर गार पडतं, तेव्हा फ्रीझरमधला बर्फ भुसभुशीत व्हायचा. स्टिकरवर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो. त्यात टी असेल तर फ्रीज १६ ते ४३ अंशांच्या खोलीसाठी बनवलेला असतो. आपल्याकडे थंडीत खोलीच त्याखाली जाते, मग कॉम्प्रेसर कमी वेळ चालतो. सेटिंग एक पायरी बदललं, झालं. तक्रार करण्यासारखं त्यात काही नाही.

पाचपैकी साडेतीन. दीड गुण त्या भोकाचा आणि पहिल्या दोन माणसांचा कापला. तिसऱ्याला मी फोन करून धन्यवाद दिले आणि हेल्पलाइनवरची तक्रार काम झाल्याचं लिहून बंद केली.

वॉरंटी संपत आल्यामुळे आता सर्व्हिस प्लॅन घ्या म्हणून फोन येतात, वर्षाला २,९९९ रुपये. त्यात कव्हर उघडून ड्रेन साफ करणं येतं का, असं मी विचारलं, तर फक्त बाहेरून सफाई आणि तपासणी. मी नाही म्हटलं. वॉरंटी संपली की द्वारकेच्या मिस्त्रींना ज्येष्ठात, पावसाच्या आधी, बोलावणार आहे. कव्हर खोलून भोक, तार आणि रबरी चोच बघायचे त्यांनी चारशे रुपये सांगितलेत.