मेमटेस्ट८६ प्लस: दिवाळी अंकाच्या हंगामापासून आतापर्यंत

आमचं काम संगणकावर पानं लावण्याचं, म्हणजे डीटीपीचं. लग्नपत्रिका, स्मरणिका, आणि पावसाळा सरता सरता दिवाळी अंक. पानं लावायचा प्रोग्राम (नाव घेत नाही, दोष त्याचा निघालाच नाही) मोठी फाइल उघडली की केव्हाही धाडकन बंद पडायचा. पहिला संशय अर्थातच जुन्या मराठी फॉन्टवर. डीटीपीत काहीही बिघडलं की खापर त्यांच्यावरच फुटतं. फॉन्ट काढले, प्रोग्राम नव्याने टाकला, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला. ढिम्म फरक नाही.

वाट दाखवली विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरने (मशिनमध्ये काय घडलं-बिघडलं त्याची नोंदवही). त्यातल्या अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये १००० क्रमांकाच्या नोंदी असतात आणि प्रोग्राम कोणत्या मॉड्यूलमध्ये (प्रोग्रामच्या कोणत्या भागात) कोसळला ते तिथे लिहिलेलं असतं. दर वेळी एकच नाव दिसलं तर प्लगइन, फॉन्ट, ड्रायव्हर यांच्या मागे लागावं. आमच्याकडे प्रत्येक नोंदीत नाव वेगळं, शिवाय मधूनच ब्राउझरही आडवा. असं असलं की आधी रॅम (संगणकाची चालू कामापुरती स्मृती) तपासायची.

रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ प्लस फुकट आहे, मुक्त स्रोत आहे. पेन ड्राइव्हवर टाकायचं (त्यावरचं सगळं पुसलं जातं) आणि त्यावरूनच मशिन सुरू करायचं. विंडोज चालू नसल्यामुळे जवळजवळ सगळी रॅम तपासली जाते. रॅममध्ये ठरावीक नमुने लिहून ते परत वाचतं. जुळलं नाही की लाल ओळ. २०२२ मधल्या ६.०० आवृत्तीपासून ते यूईएफआयवरही (नव्या मशिनमध्ये जुन्या बायोसच्या जागी आलेली, मशिन सुरू करणारी प्रणाली) चालतं, पण आमच्या मशिनवर सिक्युअर बूट (अनोळखी काही सुरू होऊ न देणारी सोय) बंद करावं लागलं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) लावलेलं असेल तर रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा, नाहीतर विंडोज परत उघडताना पंचाईत.

घाई मात्र करू नका. आमच्याकडे पहिला पास (चाचणीची एक पूर्ण फेरी) अगदी स्वच्छ गेला. लाल ओळी उगवल्या पहाटे. मग रॅमची एकेक कांडी काढून तपासली, तर दोन्ही ठणठणीत! दोन वेगळ्या कंपन्यांच्या कांड्या ३२०० वेगाच्या एक्सएमपी प्रोफाइलवर (रॅम नेहमीपेक्षा जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) एकत्र नांदत नव्हत्या. बायोसमध्ये (विंडोजआधी उघडणाऱ्या मशिनच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी बंद केलं, वेग २६६६ वर आला, पुन्हा रात्रभर चाचणी लावली, एकही चूक नाही. पानं लावताना वेगातला फरक मला तरी जाणवत नाही. प्रोग्राम तेव्हापासून पडलेला नाही. नवी रॅम घेण्याचा खर्च वाचला तो वेगळाच.

तक्रारी आहेत. चाचणीचा अहवाल पेन ड्राइव्हवर साठवून मिळत नाही, मोबाइलने पडद्याचा फोटो काढावा लागतो. अ‍ॅपल सिलिकॉनच्या (अ‍ॅपलचीच चिप असलेल्या) मॅकवर हे चालत नाही. लॅपटॉपची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली (कायमची डाखलेली) असेल तर दोष सापडूनही हाती फारसं काही उरत नाही. आणि चाचणी पास झाली म्हणजे मशिन निर्दोष, असंही नाही. एसएसडी किंवा पॉवर सप्लायबद्दल हे अवाक्षर काढत नाही. तरी सेकंडहँड रॅम आली की आता आधी रात्रभर याच्या ताब्यात, मग कामाला.