ट्रायल स्किल्सचा कोर्स: आठ महिन्यांनंतर काय उरलं

कोर्टात खटला कसा चालवायचा हे शिकवणारा हा कोर्स संपला तेव्हा अभिप्रायाच्या फॉर्मवर मी सगळीकडे 'उत्तम'वर खूण करून मोकळी झाले होते. निकाल लागायचा होता, हेही कारण होतंच. आता आठ महिने वकिलांच्या ऑफिसात ज्युनिअर म्हणून काढल्यावर तोच फॉर्म पुन्हा भरावासा वाटतोय.

जे चांगलं होतं ते आधी. पूर्ण सत्रभर एकच केस फाइल दिली, हा निर्णय अगदी बरोबर. अपघाताचा खटला होता. साक्षीदारांचे जबाब, जागेचा नकाशा, छायाचित्रं, डॉक्टरांचा अहवाल. दर आठवड्याला नवी फाइल दिली असती तर आम्ही नुसती गोष्ट समजून घेण्यातच दमलो असतो. कागद तोंडपाठ झाल्याशिवाय प्रश्न सुचत नाहीत, हे मला तिथे कळलं आणि आजही रोज उपयोगी पडतं.

तक्रार आहे ती आम्हाला मिळणाऱ्या अभिप्रायाबद्दल.

माझी पहिली उलटतपासणी. साक्षीदार म्हणाला होता, "गाडी आली तेव्हा सिग्नल लाल होता." त्याच्या जबाबात मात्र "सिग्नलकडे माझं लक्ष नव्हतं" असं लिहिलेलं. मला काय, घबाडच सापडलं. उठले आणि थेट विचारलं, "पण जबाबात तर लक्ष नव्हतं म्हणालात ना?" तो शांतपणे म्हणाला, "आधी नव्हतं. गाडीचा आवाज आला तेव्हा पाहिलं." संपलं. जी फट मला रुंद करायची होती, ती त्याने माझ्याच प्रश्नाच्या आधाराने लिंपून टाकली. यावर वर्गात मला मिळालेला सल्ला: "छान प्रयत्न, आत्मविश्वास थोडा वाढवा." आत्मविश्वास तर भरपूर होता हो, घोळ प्रश्नांच्या क्रमात होता!

पुढे एकदा वकिली करणाऱ्या एक मॅडम पाहुण्या म्हणून आल्या. अमेरिकेत 1971 साली सुरू झालेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर ट्रायल ॲडव्होकसी या संस्थेची अभिप्रायाची पद्धत त्या वापरायच्या. आधी एकच मुद्दा नाव घेऊन सांगायचा. मग विद्यार्थ्याचे शब्द जसेच्या तसे वाचून दाखवायचे. मग काय बदलायचं ते, आणि शेवटी का बदलायचं ते. मी तीच उलटतपासणी पुन्हा केली होती, तीच चूक करून. त्यांनी वहीतून माझा प्रश्न मलाच वाचून दाखवला, तेव्हा कानाला तो किती उतावळा वाटला! मग म्हणाल्या, आधी त्याला आजच्या वाक्यावर पक्कं कर, मग जबाबाचं वजन वाढव, मग ती ओळ वाच. कारण आधी दार बंद केलं नाहीस तर तो निसटणार. आणि लगेच, तिथल्या तिथे, पुन्हा करायला लावलं.

"गाडी आली तेव्हाच सिग्नल लाल होता, असं तुमचं म्हणणं?" हो. "जबाब अपघातानंतर दोन तासांत दिलात?" हो. "तेव्हा सगळं ताजं आठवत होतं?" हो. "वाचून सही केलीत?" हो. मग ती ओळ, शब्दशः. "मग आज लाल कसा आठवला?" हा प्रश्न अगदी जिभेवर आला होता. तो गिळला आणि खाली बसले. चौदा आठवड्यांतली ही बारा मिनिटं मला आजही जशीच्या तशी आठवतात.

म्हणून माझी मुख्य सूचना: व्याख्यानं निम्मी करा आणि प्रत्येकाला दुसऱ्यांदा उभं राहू द्या, त्याच दिवशी. सत्रभरात मी जेमतेम पाच वेळा उभी राहिले. आक्षेप कधी घ्यायचा हे तर आम्ही स्लाइडवर शिकलो, म्हणजे पोहणं फळ्यावर.

सरतपासणीकडे तर फारच दुर्लक्ष. सगळ्यांना उलटतपासणीचं आकर्षण. पण सरतपासणीत आपल्याच साक्षीदाराला सूचक (उत्तर आधीच सुचवणारे) प्रश्न न विचारता, नुसत्या 'काय, कुठे, मग पुढे'वर त्याच्याकडून गोष्ट काढून घेणं मला जास्त अवघड गेलं. त्यात साक्षीदार म्हणून वर्गमित्र. त्यांना फाइल पाठ आणि आपल्यावर दया, त्यामुळे अर्ध्या प्रश्नालाच पूर्ण उत्तर. फाइल आदल्या दिवशी पहिल्यांदा पाहिलेली पहिल्या वर्षाची मुलं बसवा, मजा येईल. छायाचित्र पुराव्यात कसं आणायचं (जागा ओळखीची आहे का, त्या दिवशी ती अशीच होती का) हे शेवटच्या आठवड्यात उरकलं. ते तिसऱ्या आठवड्यात यायला हवं.

अंतिम मॉक ट्रायलच्या (लुटुपुटीच्या खटल्याच्या) गुणांबद्दल लिहीत नाही, त्यावर आमच्या गटात आधीच पुरेशी भांडणं झाली आहेत.

राहिला व्हिडिओ. प्रत्येक सरावाचं चित्रीकरण व्हायचं, फाइल आमच्या खात्यात यायची आणि तिथेच पडून राहायची. वर्गात एकदाही लावली नाही. मीही पाहिली नाही, आपलाच आवाज कोण ऐकेल! मागच्या आठवड्यात एका पक्षकाराची माहिती घेऊन झाल्यावर सिनिअरनी विचारलं, "तू प्रत्येक उत्तरानंतर 'ठीक आहे' का म्हणतेस?" रात्री जुना व्हिडिओ उघडला. सात मिनिटांत एकोणीस वेळा.