इंटरप्रिटर पॅकेज करायला जेंटूचं पोर्टाज कसं आहे? लुआ ५.४ च्या निमित्ताने

लुआ ही छोटी प्रोग्रामिंग भाषा, आणि पोर्टाज ही जेंटू लिनक्सची सोर्समधून पॅकेज बांधून बसवणारी व्यवस्था. लुआच्या इंटरप्रिटरचा (लुआ कोड चालवणाऱ्या प्रोग्रामचा) सोर्स म्हणजे साधारण ३०,००० ओळींचा सी कोड. सी कंपायलर आणि मेक हे बिल्डचं साधन असलं की काम झालं, बूटस्ट्रॅपची (आधी त्याच भाषेची जुनी आवृत्ती लागण्याची) भानगड नाही. त्यामुळे इंटरप्रिटर पॅकेज करायला शिकणारे बरेचदा इथूनच सुरुवात करतात. पण लुआची मेकफाइल लिनक्स वितरणांचा विचार करून लिहिलेली नाही. ती फक्त स्टॅटिक लायब्ररी तयार करते, सगळं यूएसआर-लोकलमध्ये टाकते आणि पीकेजी-कॉन्फिगची पीसी फाइल, म्हणजे लायब्ररी कुठे आहे ते इतर पॅकेजांना सांगणारी फाइल, देतच नाही (५.१ मध्ये होती, ५.२ पासून गेली). पोर्टाजची खरी परीक्षा अशाच पॅकेजवर होते.

आमचं मत आधीच सांगतो: कोणती फाइल कुठे पडते यावर पोर्टाजची नजर फार कडक आहे आणि त्या कामात ते अव्वल आहे. पण बांधलेला इंटरप्रिटर खरोखर चालतो का, हे त्याला कळत नाही. ते तपासणं पॅकेज करणाऱ्याच्याच गळ्यात पडतं.

सगळ्यात घातक जागा आहे कंपायलरच्या फ्लॅगची. मेकफाइलीत कंपायलर म्हणून जीसीसी थेट लिहून ठेवलेला आहे, एआर आणि रॅनलिब या लायब्ररी बांधायच्या साधनांचंही तेच. त्यामुळे टूलचेन-फंक्स हा ईक्लास (ईबिल्ड म्हणजे पोर्टाजची पॅकेज बांधायची स्क्रिप्ट, ईक्लास म्हणजे ईबिल्डांची सामायिक लायब्ररी) घ्या आणि तिन्ही नावं त्यातून द्या. नाहीतर क्लँग वापरणाऱ्याच्या मशीनवर गुपचूप जीसीसी चालतो. इथपर्यंत सोपं आहे. पुढे वापरकर्त्याचे सीफ्लॅग्ज (कंपायलरला द्यायचे पर्याय) पोचवायचे म्हणून बरेच जण इमेक या पोर्टाजच्या मेक चालवणाऱ्या कमांडच्या ओळीत सरळ सीफ्लॅग्ज हाच व्हेरिएबल देतात, आणि तिथे घात होतो. लुआची मेकफाइल लिनक्स टार्गेटमध्ये स्वतःलाच पुन्हा हाक मारते आणि लिनक्ससाठीचा मॅक्रो सिस-सीफ्लॅग्जमधून पाठवते. तो सिस-सीफ्लॅग्ज पुढे सीफ्लॅग्जच्या आत मिसळला जातो. कमांडच्या ओळीत दिलेलं मूल्य मेकफाइलीतल्या मूल्यावर मात करतं, त्यामुळे तो मॅक्रो गळून पडतो. जुन्या ५.३ शी सुसंगती देणारा मॅक्रोही त्याच्याबरोबर जातो.

बिल्ड मात्र हिरवागार. एकही इशारा नाही. इंटरप्रिटर सुरू होतो, बेरीज-वजाबाकी करतो, शुद्ध लुआत लिहिलेली मॉड्यूलंही घेतो. सीमध्ये लिहिलेलं पहिलं मॉड्यूल मागितलं की मग कळतं: डायनॅमिक लायब्ररी चालू नाहीत, तुमचं इन्स्टॉलेशन तपासा, अशा अर्थाचा संदेश येतो. दुसरा प्रोग्राम चालवणारं पी-ओपनही बंद पडलेलं असतं. उपाय एका शब्दाचा आहे: सीफ्लॅग्जऐवजी माय-सीफ्लॅग्ज द्या आणि लिंकरसाठी माय-एलडीफ्लॅग्ज. मेकफाइलीतला ओ-२ तसाच राहतो, पण वापरकर्त्याचा ऑप्टिमायझेशन फ्लॅग त्याच्यानंतर येतो आणि शेवटचा जिंकतो.

चाचणीच्या टप्प्यातही हाच फसवा प्रकार. एसआरसी-टेस्ट हा ईबिल्डमधला चाचणीचा भाग तुम्ही लिहिला नाही तर पोर्टाज मेकफाइलीतलं चेक किंवा टेस्ट टार्गेट शोधून चालवतं. लुआत टेस्ट टार्गेट आहे, पण ते फक्त आवृत्ती छापतं. म्हणजे वरचा मोडका इंटरप्रिटरसुद्धा चाचणी पास होतो. लुआचा खरा चाचणीसंच वेगळ्या टारबॉलमध्ये मिळतो. तो टेस्ट या यूझ फ्लॅगच्या (वापरकर्त्याने चालू-बंद करायच्या पर्यायाच्या) मागे एसआरसी-यूआरआय या डाउनलोडच्या यादीत जोडा, आणि अधोरेखा-यू हे ग्लोबल व्हेरिएबल ट्रू करून ऑल डॉट लुआ चालवा. त्या खुणेमुळे मूळ लेखकांच्या मशीनपुरत्या चाचण्या वगळल्या जातात. शिवाय बाहेरचं एखादं सी मॉड्यूल, एलपेगसारखं, लोड करून बघण्याची एक ओळ स्वतः घाला. ती ओळ नसलेला ईबिल्ड आम्ही अपुरा मानतो.

आता पोर्टाजची बाजू जिथे भक्कम आहे तिथे येऊ. इन्स्टॉल-टॉप (कुठे बसवायचं ते) द्यायला विसरलात तर मेक इन्स्टॉल यूएसआर-लोकलमध्ये लिहायला जातं आणि सँडबॉक्स (बिल्डला बाहेर लिहू न देणारं कुंपण) ते तिथल्या तिथे पकडून बिल्ड थांबवतो. ६४-बिट लायब्ररी लिब-६४ ऐवजी लिबमध्ये पडली तर मल्टिलिब-स्ट्रिक्ट ही पोर्टाजची तपासणी अडवते. शेअर्ड लायब्ररीत सोनेम (लायब्ररीच्या आत कोरलेलं आवृत्तीसह नाव) नसेल, एलडीफ्लॅग्ज (लिंकरचे पर्याय) पाळले नसतील, तर क्यूए नोटीस, म्हणजे दर्जाचा इशारा, येते. हे इशारे वाचायचा कंटाळा करू नका. लुआच्या बाबतीत सोनेमचा इशारा येऊ शकतो, कारण शेअर्ड लायब्ररी तुम्हीच लिबटूल किंवा पॅच वापरून तयार केलेली असते. सोनेममध्ये ५.४ हा आकडा हवाच.

का, तर ५.१, ५.२, ५.३ आणि ५.४ यांचा एबीआय (बांधलेल्या बायनरींनी एकमेकांशी बोलायची पद्धत) एकमेकांशी जुळत नाही. इथे स्लॉटची सोय खरंच मोलाची ठरते: प्रत्येक मालिका वेगळ्या स्लॉटमध्ये, एकाच मशीनवर सुखाने शेजारी. मात्र त्यासाठी बायनरी, हेडरचा फोल्डर, लायब्ररी, मॅन पान अशा सगळ्यांच्या नावात आवृत्ती घालावी लागते. साधं लुआ हे नाव ई-सिलेक्ट या आवृत्ती निवडायच्या साधनाच्या सिमलिंकसाठी मोकळं ठेवायचं. एखादं नाव सुटलंच तर दुसऱ्या स्लॉटच्या मालकीची फाइल दिसताच पोर्टाज मर्ज करायच्या आधी थांबतं, त्यामुळे चालू सिस्टिम मोडत नाही.

मॉड्यूलांसाठी लुआ आणि लुआ-सिंगल असे दोन ईक्लास आहेत. अनेक आवृत्त्यांसाठी एकाच वेळी बांधता येणाऱ्या मॉड्यूलाला पहिला, लुआ पोटात घेणाऱ्या प्रोग्रामला दुसरा. कुठल्या आवृत्त्या चालतात ते लुआ-कम्पॅटमध्ये लिहायचं. रचना पायथनच्या ईक्लासच्या वळणावर आहे, ती माहीत असेल तर हात लगेच बसतो. पण एक गोष्ट नीट समजून घ्या: सी मॉड्यूल कुठे ठेवायचं हे ईक्लास पीकेजी-कॉन्फिगला विचारतो, इन्स्टॉल-सीमॉड या व्हेरिएबलमधून. इंटरप्रिटर मात्र ते शोधतो लुआकॉन्फ हेडरमध्ये कोरलेल्या मार्गावर. पीसी फाइल तुम्ही लिहिणार, हेडरमधला लुआ-रूट आणि लिबचा मार्गही तुम्हीच बदलणार. एकीकडे लिब-६४ आणि दुसरीकडे लिब राहिलं, तर प्रत्येक मॉड्यूल व्यवस्थित बसतं आणि एकही सापडत नाही. इंटरप्रिटरमध्ये पॅकेज डॉट सी-पाथ छापा, पीसी फाइलीतल्या मार्गाशेजारी ठेवा, अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे.

ही चूक नंतर सुधारतानाच पोर्टाज तोकडं पडतं. पीसी फाइल दुरुस्त करून आर-१ (ईबिल्डची सुधारित आवृत्ती) काढलात तर इंटरप्रिटर सगळ्यांकडे पुन्हा बांधला जाईल, पण चुकीच्या जागी आधीच बसलेली मॉड्यूलं तिथेच राहतील. त्यांची पुनर्बांधणी सबस्लॉट (स्लॉटच्या आतला उपक्रमांक) बदलला तरच होते, तीही ज्यांच्या अवलंबित्वात स्लॉटच्या पुढे बरोबरचं चिन्ह आहे त्यांचीच. म्हणून हे मार्ग पहिल्याच आवृत्तीत पक्के करा.

दुसरी तक्रार लुआ-कम्पॅटची. नवी मालिका आली की ही यादी प्रत्येक मॉड्यूलच्या ईबिल्डमध्ये हाताने वाढवावी लागते. वापरकर्त्याने लुआ-टार्गेट्स (कुठल्या लुआ आवृत्त्यांसाठी बांधायचं ते) बदलले आणि एखादंच मॉड्यूल मागे राहिलं असेल, तर इमर्ज या पोर्टाजच्या इन्स्टॉल कमांडचा संदेश इतका लांबलचक येतो की नेमकं कोण अडलंय ते शोधायला शेवटच्या काही ओळी दोनदा वाचाव्या लागतात.

रीडलाइनसाठी (प्रॉम्प्टवर ओळ बदलण्याची आणि मागच्या ओळी आणण्याची लायब्ररी) यूझ फ्लॅग ठेवताना एवढंच बघा: ५.३ मध्ये लिनक्स टार्गेट रीडलाइन धरूनच चालतं, ५.४ मध्ये त्यासाठी लिनक्स-रीडलाइन हे वेगळं टार्गेट आहे. ५.३ चा ईबिल्ड कॉपी करून ५.४ केला की फ्लॅग चालू असूनही प्रॉम्प्टवर वरचा बाण दाबल्यावर मागची ओळ येत नाही, चमत्कारिक अक्षरं उमटतात. आणि एसआरसी-प्रिपेअर हा पॅच लावायचा भाग स्वतः लिहिलात तर त्यात डिफॉल्टची हाक ठेवा. ती किंवा ई-अप्लाय-यूझर (वापरकर्त्याचे पॅच लावणारी हाक) यांतलं एकही नसेल तर ईएपीआय ८ मध्ये (ईबिल्डच्या नियमांच्या आठव्या आवृत्तीत) बिल्ड तिथेच मरतो.