बलू फॉन्ट: पाट्यांच्या धंद्यात काही महिने वापरल्यावर

‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा बलू हा देवनागरी फॉन्ट मी गेल्या पावसाळ्यापासून दुकानांच्या पाट्यांसाठी वापरतोय. लिहायला बसलो ते कालच्या भांडणामुळे. बाहेर छापायला दिलेल्या फ्लेक्सवर ‘श्रीकृष्ण’मधला ष्ण फुटून ष् आणि ण सुटे आले. मी कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, फॉन्टची गरजच नको) दिलेली फाइल छपाईवाल्याने बाजूला ठेवली, मजकूर स्वतःच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा टाकला आणि वर म्हणतो, फुकटचा फॉन्ट असाच असणार! युनिकोडची जोडाक्षरं त्याच्या सॉफ्टवेअरला झेपत नाहीत, त्यात फॉन्टचा काय दोष?

उलट कटिंगला बलूसारखं सुख नाही. राउटरचा, म्हणजे अक्षरं कोरून कापणाऱ्या मशीनचा, बिट (फिरणारं पातं) गोल असतो, त्यामुळे आतला टोकदार कोपरा कधीच नीट निघत नाही, मग कानस घेऊन बसा. इथे कोपरे मुळातच गोल. व्हिनाइलचंही (चिकटवायच्या प्लास्टिकच्या कागदाचंही) तेच: टोकदार कडा आधी सुटतात, गोल कडा धरून राहतात. रेघ जाड असल्याने अक्षराच्या पोटात एलईडी आरामात बसतात. फक्त कर्व्ह केल्यावर वेल्ड करायला, म्हणजे एकमेकांवर आलेले आकार जोडून एक करायला, विसरू नका, नाहीतर शिरोरेषेच्या प्रत्येक सांध्यावर प्लॉटर (व्हिनाइल कापणारं मशीन) सुरी फिरवतो.

माझा खरा राग होता दोन ओळींमधल्या अंतरावर. पाटीचे पैसे चौरस फुटावर, आणि हा फॉन्ट दोन ओळींत एवढी जागा सोडतो की गिऱ्हाईक विचारतं, मधल्या कोऱ्या पट्टीचेही पैसे का? बरेच दिवस मी अंतर हाताने दाबत होतो. मग एका पाटीत वरच्या ओळीत ‘गुरुकृपा’ आणि खाली ‘मिठाई’ आलं. वरचे उकार थेट खालच्या वेलांट्यांवर टेकले. ती जागा मात्रा-उकारांसाठीच राखलेली आहे, हे तेव्हा पटलं. आता शब्द बघून दाबतो: वर उकार नसेल तर बिनधास्त, असेल तर गिऱ्हाइकाला कारण दाखवतो.

महाराष्ट्रात दुकानांच्या कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर पाटीवरची मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. पूर्वी देवनागरीला शोभेल असा इंग्रजी फॉन्ट शोधण्यात अर्धा दिवस जायचा. बलूत दोन्ही लिप्या एकाच जाडीच्या, एकाच घाटाच्या. सोलापूरकडच्या एका पाटीला कन्नडही हवं होतं, तिथे त्याचाच भाऊ बलू तम्मा कामी आला. आणि परवाना खुला आहे, धंद्यात वापरला तरी एक पैसा द्यावा लागत नाही. डोंगल (कॉम्प्युटरला लावायची परवान्याची किल्ली) लावून विकतचा फॉन्ट वापरलेल्या माणसाला विचारा याची किंमत.

लांबलचक नावाला मात्र बलू आडवा चेपू नका. उभे दांडे बारीक होतात, शिरोरेषा जाडच राहते आणि सगळा घाट जातो. त्यापेक्षा तेको हा दुसरा फॉन्ट घ्या, तो जन्मतःच अरुंद आहे. गोलाई मिळणार नाही, पण अक्षर सरळ राहील. पत्ता आणि वेळेच्या बारीक ओळीला जुना, एकाच जाडीचा बलूही नको, ‘क्ष’ची पोटं बुजतात. तिथे बलू 2 या नव्या आवृत्तीतली मीडियम जाडी वापरा.